नववा वाव

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण उगाच वाद घालू नका. ज्याच्यासोबत घडली त्याच्या घरी मी स्वतः बसून आलोय.

आणि एक आधीच सांगतो. ही रात्रीची गोष्ट नाही.

भुताला अमावस्या लागते, पिंपळ लागतो, बाराचे ठोके लागतात असं आपल्याला वाटतं. आमच्या गोंदिया जिल्ह्यात उन्हाळ्याची दुपार पाहिली नसेल तर असंच वाटणार. एक ते चार रस्त्यावर माणूस दिसत नाही. कुत्री नालीत जाऊन पडतात. छपरावरचे कवेलू तापून तडकतात तेवढाच काय तो आवाज.

जे घडलं, ते याच वेळेत घडलं.

कुशल माझा मावसभाऊ. गोरेगावपासून नऊ-दहा किलोमीटरवर त्याचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. मला त्यानं हे सगळं सांगितलं तेव्हा तो रडत नव्हता की घाबरलेला दिसत नव्हता. मांडीवर दोर घेऊन बसला होता, आणि बोलताना एकदाही त्यानं वर पाहिलं नाही.

कुशल विहिरीतला गाळ काढायचं काम करायचा. एकटा नाही. त्याचे गुरू होते पुनारामकाकाजी.

पुनारामकाकाजी खाली उतरायचे, कुशल वर दोर सांभाळायचा. बारा वर्षं हीच जोडी. मार्च लागला की आजूबाजूच्या वीस गावांत त्यांना बोलावणं असायचं.

आणि त्यांचा दोर साधा नव्हता.

सालेकशाकडच्या धबधब्यावर एकदा गिर्यारोहणवाल्या पोरांचं शिबिर लागलं होतं. काकाजी तिथं स्वयंपाकाला होते. त्यांची दोराची आवड पाहून जाताना त्या पोरांनी एक नवा दोर त्यांना देऊन टाकला. निळा, अंगठ्याएवढा जाड, बाहेरून विणलेली खोळ आणि आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा. सोबत दोर जपायचे नियमही शिकवले.

काकाजी शाळा चौथी शिकलेले, पण ते नियम त्यांनी देवाच्या आरतीसारखे पाठ केले.

दोरावर पाय द्यायचा नाही. तो उन्हात वाळवायचा नाही. नुसत्या पाण्यानं धुवायचा, साबण लावायचा नाही. काम झालं की सगळा दोर मुठीतून सरकवत तपासायचा आणि मगच गुंडाळायचा. डोळे मिटून.

"डोये फसतेत गा," ते कुशलला म्हणायचे. "बोट नाई फसत."

शेवटचा नियम त्यांना सगळ्यात मोठा वाटायचा. जखमी दोर ठेवायचा नाही, कापून टाकायचा. ठेवला की कोणीतरी वापरतोच.

गुंडाळताना ते मोजायचे. दोन्ही हात पसरले की होतो एक वाव. एक वाव, एक वेढा. दोर पुरा चोवीस वाव होता. आणि खळ्यात धान मोजताना आपण पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, तसंच काकाजी दोरही मोजायचे.

"लाभ... दोन... तीन... चार..."

आवाज खर्जातला. प्रत्येक आकड्यानंतर दोराची सर्र... आणि वेढा हातावर पडल्याची थप.

काकाजी डेबरे होते, म्हणजे डावखुरे. त्यांचे वेढे डावीकडे पडायचे. कुशलचे उजवीकडे. दुरून पाहूनही सांगता यायचं, आज दोर कोणी गुंडाळलाय ते.

हे लक्षात ठेवा.

एकोणीस एप्रिल दोन हजार तेवीस. बुधवार. दुपारचे साडेबारा.

शेतातली जुनी दगडी विहीर. नऊ वाव खोल. पाणी आटून तळाला नुसता गाळ राहिलेला. काकाजींनी आधी पेटता कंदील खाली सोडून पाहिला. विझला नाही. म्हणजे हवा चांगली. कमरेला दोराचा पट्टा बांधला, विहिरीच्या पाया पडले आणि उतरले.

आता एक काम असायचं. दोर जिथं विहिरीच्या काठावरून खाली वळतो, तिथं त्याच्याखाली पोतं ठेवायचं. दगडाच्या धारेनं दोर घासू नये म्हणून. हे काम कुशलचं. बारा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

त्या दिवशी पोतं निंबाखाली होतं. कुशलनं डबा खाताना बुडाखाली घेतलं होतं. तो तसाच उठला आणि कामाला लागला.

एवढंच. बाकी काही नाही. तुम्ही-आम्ही दिवसातून दहा वेळा अशी चूक करतो.

पाऊण तास गेला. गाळ ढवळला तसा आतला कोंडलेला गॅस सुटला असावा. खालून एकदा हाक आली.

"कुशल..."

मग काहीच नाही.

कुशल ओरडला. निंबाखाली दोर धरायला शेतमालकाची चार माणसं होती, त्यांनी ओढायला सुरुवात केली. दोर हातभर वर आला...

आणि अडकला.

कुशल काठावर पालथा पडला. वाकून पाहिलं. काठाच्या आतल्या अंगाला दोन दगडांमध्ये फट होती. पोतं नव्हतं, त्यामुळं दोर सरकून त्या फटीत जाऊन बसला होता. मागची माणसं जेवढं ओढत, तेवढा तो आत रुतत होता. कुशलनं दोन्ही हात खाली घातले. बोटांची सालं निघाली. खाली काकाजी पट्ट्यात लोंबकळत होते, मान छातीवर.

मागच्यांना फक्त कुशलची पाठ दिसत होती.

सात मिनिटं. आठही असतील.

दोर निघाला. काकाजी वर आले. अंग गरम होतं, श्वास नव्हता.

कोणीतरी विचारलं, "एवढा टाईम काऊन लागला गा?"

कुशलच्या तोंडून निघून गेलं, "पाय फसले होते गाळात."

तो मला म्हणाला, "मी ठरवून नाई बोललो. तोंडच बोललं." माझा त्यावर विश्वास आहे. पण एकदा बोललेलं त्यानं नंतर परतही घेतलं नाही, हेही तितकंच खरं.

स्मशानघाटावर गावचे म्हातारे यादोराव म्हणाले, "ज्या दोरानं मढं वर काढलं, तो दोर घरी नेत नाईत. इथंच तुकडे करून टाका."

म्हणजे गावची रीतही तेच सांगत होती आणि काकाजींचा नियमही तेच सांगत होता. कापा.

पण कापायचा म्हणजे सगळ्यांसमोर एकेक वाव ताणून कुऱ्हाड घालायची. आणि नवव्या वावावर सगळ्यांची नजर पडणार. दगडात चेंगरलेली जागा. मग कोणीतरी विचारणार, हे कायनं झालं?

"राहू द्या," कुशल म्हणाला. "काकाजीचा जीव होता या दोरात. मी जपून ठेवतो."

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकाजींची बायको शामकलाकाकी तेवढी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

कुशलनं दोर धुतला. सावलीत वाळवला. नववा वाव बोटांतून सरकवताना त्यानं हात सैल सोडला. तपासायचंच नव्हतं त्याला. उजव्या हातानं गुंडाळून घरापुढच्या छपरीतल्या खुंटीला अडकवला.

तेरवी झाली.

दुसऱ्याच दुपारी...

कुशल आतल्या खोलीत पडला होता. त्याची बायको रेणू माहेरी. घरात दुसरं कोणी नाही. डोळा लागत होता आणि छपरीतून आवाज आला.

सर्र... थप.

सर्र... थप.

"लाभ..."

कुशलचे डोळे उघडले.

"दोन... तीन... चार..."

खर्जातला आवाज. सावकाश. जराही घाई नाही.

"पाच... सहा... सात... आठ..."

आवाज थांबला. दोर सरकल्याचं ऐकू आलं, वेढा पडल्याचं नाही.

मग...

"दहा... अकरा..."

कुशल उठून छपरीत आला. कोणी नव्हतं. फाटकाला आतून कडी. दोर खुंटीवर, जसाच्या तसा.

जसाच्या तसा नाही. वेढे डावीकडे पडले होते.

त्यानं स्वतःला समजावलं. मनी वसे ते स्वप्नी दिसे, म्हणतात ना. उन्हाचा तडाखा, डोक्यावरचं ओझं. आपणच बेसावधपणे उलटा गुंडाळला असेल. त्यानं दोर काढला आणि पुन्हा उजव्या हातानं नीट गुंडाळला.

चार दिवसांनी तो गोरेगावहून बियाण्याची चौकशी करून संध्याकाळी परत आला. रेणू माहेराहून आली होती, अंगणात तांदूळ पाखडत होती.

"अजी, दुपारी आले आन् न जेवता कुठं गेले?"

"मी आत्ता येऊन राहिलो."

"मंग दोर कोन मोजून राहिला होता?" रेणू हसली. "मी आत निजली होती. म्हनलं, गुरुजीचं भूत बसलं अंगात. आन् नऊ इसरले जी तुमी. आठ म्हनलं आन् लगेच दहा."

कुशलनं छपरीत पाहिलं.

वेढे डावीकडे.

त्या दिवसापासून त्यानं दोराला हात लावणं सोडलं. पण पावसाळ्यात एकदा रेणूच म्हणाली, याला बुरशी लागेल, जरा पसरून ठेवा. त्यानं पसरला. तीन दिवस सावलीत होता. सगळा दोर कोरडा ठणठणीत झाला. एकच वावभर जागा ओली राहिली.

आणि त्या जागेला वास येत होता... गाळाचा. विहिरीच्या तळाच्या काळ्या गाळाचा.

तो कितवा वाव होता हे त्यानं मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती.

वर्ष गेलं.

मे दोन हजार चोवीसमध्ये काकाजींचा मुलगा ओमेश रायपूरची नोकरी सोडून घरी आला. चोवीस-पंचवीसचा, बापासारखाच काटक. आल्या-आल्या कुशलकडे गेला.

"भाऊ, बाबाचं काम मी चालवतो. यादोरावबाबानं विहीर सांगितली हाय. तू वर राहा, मी उतरतो. बाबासारखंच."

"नवा दोर घेऊ आपन," कुशल म्हणाला.

"काऊन? बाबाचा हाय न. तूच जपून ठेवला, आई सांगे."

"जुना झाला."

"एक वरीस तर झालं, बाप्पा. खुंटीले टांगून जुना होते का दोर?"

कुशलकडे उत्तर होतं. पण त्या उत्तराचं एक टोक ओढलं की दुसरं टोक आपोआप वर येणार होतं, आणि त्या टोकाला काकाजी होते.

त्यानं खुंटीकडे बोट दाखवलं.

यादोरावांची विहीरही नऊ वाव. दुपारचा एक वाजलेला. कुशलनं काठावर पोतं ठेवलं. एक नाही, दोन, घडी घालून. दहा वेळा दाबून पाहिलं. मनाशी म्हणत राहिला, पोतं आहे, काही होत नाही. खोळ तर शाबूत आहे. पोरगा हलका आहे. आजच्या दिवस निभू दे, उद्या मी काहीतरी सांगून हा दोर मोडीत काढतो.

माणूस स्वतःला किती छान फसवतो पाहा. आणि पणाला कोण लागलं होतं? ज्याचा बाप याच्या हातून गेला, त्याच बापाचा मुलगा. शामकलाकाकीचं उरलेलं एकुलतं एक माणूस.

काकीही आली होती. निंबाखाली, सावलीत उभी.

कंदील खाली जाऊन न विझता वर आला. ओमेशनं पट्टा बांधला. मग बापासारखेच डोळे मिटले, दोर मुठीत घेतला आणि सरकवत मोजायला लागला.

"लाभ... दोन... तीन..."

कुशलनं पोतं पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"सहा... सात... आठ..."

ओमेशचा हात थांबला. दोर सरकला.

"दहा... अकरा..."

"नऊ?" कुशलच्या तोंडून निघालं.

ओमेशनं डोळे उघडले. "काय?"

"नऊ नाई मोजला तू."

"मोजला न भाऊ." ओमेश खरंच गोंधळला होता. "आठ, नऊ, दहा. तू झोपून राहिला का?"

कुशलनं यादोरावांकडे पाहिलं. ते तंबाखू मळत होते, त्यांनी काही ऐकलं नव्हतं. निंबाखालच्या माणसांनीही नाही.

ओमेशनं काठावर एक पाय टाकला.

पुढचं कुशलला तुकड्या-तुकड्यात आठवतं. त्यानं ओमेशला पट्ट्याला धरून मागं खेचलं. दोघेही पडले. निंबाच्या बुंध्याला कुऱ्हाड टेकलेली होती, ती घेतली. दोर ओढला, आठ वाव मोजून सोडले, नववा दगडावर ठेवला आणि घाव घातला.

खोळ फाटली. आतला गाभा बाहेर आला.

पांढऱ्या धाग्यांची अख्खी पेंडी तुटलेली होती. कुऱ्हाडीनं नाही. कुऱ्हाडीच्या घावाच्या वीतभर पुढं, जुनी, चेंगरून, धुळीसारखा भुगा झालेली. जेमतेम दोन धागे शाबूत.



"अरे बाप्पा..." यादोरावांच्या हातातली तंबाखू सांडली. "पोरगा गेला असता की गा आज."

"तुले कसं समजलं?" ओमेशनं विचारलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

हीच ती वेळ होती. सांगायची. दोर कापलेला समोर पडलाय, सगळे समोर आहेत, एक वाक्य बोलायचं होतं.

"जुना झाला होता," कुशल म्हणाला. "मले शक होता."

गावानं त्याला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. ओमेश पाया पडला. रेणूनं दृष्ट काढली. दोराचे तुकडे घाटावर नेऊन जाळले, यादोरावांनी स्वतः. कुशलला वाटलं, सुटलो. दोर गेला, सगळं गेलं.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे आपल्याकडचं लहान पोरही सांगेल.

ओमेशनं नागपूरहून नवा दोर आणला. लाल. सांभाळायला कुशलकडेच दिला, विश्वासाचा माणूस म्हणून.

एका दुपारी कुशल छपरीत तो गुंडाळत बसला होता. नवा दोर, कोरा करकरीत. ना कोणी मेलेलं त्याच्यावर, ना काही. तो मोजू लागला.

"लाभ... दोन... तीन... चार..."

आठपर्यंत आला.

आणि जीभ उचलेना. त्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा आठ. दोर हातात, पुढचा वाव ताणलेला, आणि तोंडातून आकडा निघत नाही. दहाही निघत नाही.

"नऊ."

कुशल दचकला. छपरीच्या पायरीवर शामकलाकाकी बसली होती. कधी आली, कळलं नव्हतं. पदरात वाळलेली मोहाची फुलं होती, ती निवडत होती. वर पाहत नव्हती.

"आठाच्या पुढं नऊ येते गा," ती म्हणाली.

"काकी, तुमी कवा..."

"माह्याही घरी मोजते तो. रोज दुपारी. तेरवीपासून. आठवर थांबते आन् दहा म्हनते." तिनं एक फूल बाजूला टाकलं. "मले वाटे, इसरत असन बिचारा. मंग त्या दिवशी तू बरोबर नवव्या वावावर कुऱ्हाड घातली. पाचव्यावर नाई, बाराव्यावर नाई."

कुशलनं हातातला दोर खाली ठेवला.

"दोर जयून राख झाला. मले वाटलं, आता तरी थांबन तो. तर आता आठवरच थांबते. दहा नाई म्हनत. वाट पाह्यते."

"काकी..."

"त्याचे पाय मीच धुतले, कुशल." आवाज चढला नव्हता. भांडी घासताना बोलावं तसं ती बोलत होती. "गाळ घोट्यापरेंत होता. घोट्याएवढ्या गाळात मानूस फसत नाई."

वर कवेलू तडकत होते.

"तू मोज," ती म्हणाली. "मले घाई नाई. मी येत जाईन."

आणि ती येते. खोटं वाटेल, पण रोज येते. एकच्या सुमारास येऊन पायरीवर बसते, काहीतरी निवडत राहते, चार वाजता उठून जाते. ओमेशला ती काही बोललेली नाही. भांडत नाही, शिव्या देत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कुशल मला म्हणाला. ते म्हणताना त्याचा चेहरा मला पाहवला नाही.

मी म्हटलं, "अरे, सांगून टाक ना तिला. तिला तर माहीतच आहे."

"माहीत हाय म्हनूनच तर निघत नाई," तो म्हणाला.

मी गेलो त्या दिवशीही ती पायरीवर होती. मी नमस्कार केला, तिनं मान हलवली. कुशलच्या मांडीवर दोराचे आठ वेढे होते. बाकीचा लाल दोर मोकळा, छपरीभर पसरलेला, थेट दारापर्यंत.

मला निघायचं होतं. दोर ओलांडायची हिंमत झाली नाही. भिंतीला अंग घासत, वळसा घालून मी अंगणात आलो.

मोटरसायकलला किल्ली लावली तेव्हा मागून मोजणं सुरू झालं.

"लाभ... दोन... तीन..."

खर्जातला आवाज. सावकाश.

मी वळून पाहिलं. कुशलचे ओठ मिटलेले होते. काकी फुलं निवडत होती.

"सहा... सात... आठ..."

मग आवाज थांबला.

दोघांनीही मान वर केली नाही. मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. शेवटी मीच किक मारली आणि रस्त्याला लागलो. गोरेगाव येईपर्यंत मी तो एक आकडा मनातसुद्धा म्हटला नाही.